केसांवरूनच तर चिडवलं, त्यात एवढं काय?

नोव्हेंबरात एका आईचा फोन आला. मूळची साताऱ्याकडची, आता दहा-बारा वर्षं इंग्लंडात. मंडळाच्या दिवाळीत आमची तोंडओळख झालेली. आवाज रडवेला होता.

"ताई, शाळेतून ईमेल आलाय. आमचा मुलगा वर्गातल्या एका पोराला त्रास देतो म्हणे. त्रास काय, तर त्याचे केस लाल आहेत म्हणून हा आणि अजून तिघं-चौघं त्याला 'जिंजर, जिंजर' करतात. अहो, केसांवरूनच तर चिडवलं! तो मुलगा गोरा, इथलाच. कुणाच्या कातडीवरून बोलला असता तर मीच कान उपटला असता. पण केस? एवढ्याशा गोष्टीचं एवढं मोठं कशाला करायचं?"

मी इथल्या एका माध्यमिक शाळेत समुपदेशक आहे. तिचा मुलगा आमच्या शाळेतला नाही. पण हा प्रश्न मला पाठ आहे. आपल्या लोकांइतकाच इंग्रज आईबापही तो विचारतात, आणि अगदी याच शब्दांत: एवढं काय त्यात. त्या दिवशी मी तिला माझ्याकडे काही वर्षांपूर्वी आलेल्या एका मुलाबद्दल सांगितलं. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलून तेच इथे लिहिते आहे.

त्याला रॉरी म्हणू. वय १२. पोटदुखीच्या तक्रारीमुळे माझ्याकडे पाठवला होता. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं आणि पोट दुखायचं ते नेमकं मंगळवारी आणि गुरुवारी. त्या दोन दिवशी खेळाचा तास असे.

पहिल्या भेटीत तो हूडीची टोपी ओढून बसला. खोलीत हीटर चालू, मला उकडत होतं, पण त्याने टोपी काढली नाही. मीही काढ म्हटलं नाही. तिसऱ्या भेटीत ती आपसूक मागे सरकली, तेव्हा कळलं. त्याने दुकानातून केसांच्या रंगाची डबी आणून, बाथरूमचं दार लावून, एकट्याने केस रंगवले होते. मातकट तपकिरी रंग, मागे ठिकठिकाणी राहून गेलेला, कानामागच्या कातडीवर डाग. पण भुवया तशाच राहिल्या होत्या, तांब्याच्या तारेसारख्या चमकणाऱ्या. मग त्याने कात्री घेतली. डाव्या भुवईच्या मधोमध चांगली बोटभर खाच पडली होती. बारा वर्षांचं पोर आरशासमोर उभं राहून स्वतःच्या भुवया कापतं, हे डोळ्यांसमोर आलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात काय झालं असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

त्याच्या आईला बोलावलं. तिचेही केस तसेच, आता जरा फिकट झालेले. ती म्हणाली, "मीही जिंजर म्हणूनच वाढले. माझी आईसुद्धा. कातडी जाड करायची, बस. मी त्याला रोज सांगते, दुर्लक्ष कर." सांगता सांगता तिचा हात आपल्याच केसांकडे गेला. कधीपासून जाड केलेली ती कातडी आतून किती हुळहुळी होती, ते त्या हातावरून कळत होतं. मी तिला दोष देत नाही. तिला जे शिकवलं गेलं तेच ती मुलाला देत होती.

'दुर्लक्ष कर' हा सल्ला मी आता कुणालाच देत नाही. त्याने चिडवणारी पोरं थांबत नाहीत. फक्त मूल घरी सांगायचं थांबतं.

रॉरीला मी एक काम दिलं. खिशात एक कागद ठेवायचा. कुणी केसांवरून काही बोललं की एक रेघ मारायची, शेजारी जागा लिहायची आणि बाकीच्यांनी काय केलं ते एका शब्दात. पाच दिवसांनी तो घामेजलेला, चार घड्यांचा कागद त्याने माझ्या टेबलावर ठेवला. ४१ रेघा होत्या. बहुतेक रेघा दोनच जागच्या: बसची मागची सीट आणि कपडे बदलायची खोली. त्याच्या गोऱ्यापान कातडीला ऊन सोसत नाही, खेळायला जाताना सनस्क्रीन चोपडावं लागतं, त्यावरूनही रोज काहीतरी. शेवटच्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा: 'हसले'. आणि एक रेघ एका शिक्षकाची होती. हजेरी घेताना प्रेमानेच म्हणाले होते, "आणि आमचे जिंजर महाशय?" वर्ग हसला होता.

ती एक रेघ मला बाकीच्या ४० रेघांपेक्षा जड वाटली. पोरं शब्द उचलतात ते मोठ्यांनी मोकळे सोडलेले. ब्रिटनमधला समतेचा कायदा २०१० साली मंजूर झाला. त्याचं विधेयक संसदेत आणणाऱ्या मंत्री होत्या हॅरिएट हार्मन. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी पक्षाच्या सभेत डॅनी अलेक्झांडर या लाल केसांच्या मंत्र्याला 'जिंजर रोडंट' म्हटलं, म्हणजे उंदीर-घुशीच्या जातीतला. नंतर माफी मागितली. समतेसाठी झटलेल्या बाईच्या तोंडूनही हे सहज निघून जातं, कारण याला कुणी पूर्वग्रह मानतच नाही. 'गंमत' हा शब्द त्यावर आधीच चिकटवलेला असतो.

रॉरीने एकदा मला विचारलं, "आम्हाला आत्मा नसतो म्हणतात, हे आलं कुठून?" हे मला ठाऊक होतं. २००५ साली एका अमेरिकन कार्टून मालिकेच्या भागात हे वाक्य होतं. मालिकेचा रोख खरं तर असल्या पूर्वग्रहावरच होता, पण पोरांनी वाक्य तेवढं उचललं. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २००८ मध्ये, फेसबुकवर लाल केसांच्या मुलांना लाथ मारायचा 'दिवस' ठरला आणि कॅनडातल्या शाळांमध्ये मुलांनी खरोखर लाथा खाल्ल्या. त्याहून जुनी गोष्टही सांगितली. युरोपातल्या मध्ययुगीन चित्रांमध्ये येशूला दगा देणाऱ्या ज्यूडासचे केस अनेकदा लाल रंगवलेले दिसतात. दगाबाज, तापट, अशुभ, सगळं त्या रंगाला चिकटवत आले. तो म्हणाला, "म्हणजे हे माझ्यामुळे नाही." सहा आठवड्यांत पहिल्यांदा तो पाठ ताठ करून बसला.

मग आम्ही केसांचं विज्ञान वाचलं. १६ व्या गुणसूत्रावर एमसी१आर नावाचं जनुक असतं. काळं-तपकिरी रंगद्रव्य बनायचं की लालसर-पिवळं, हे बरंचसं त्यावर ठरतं. त्यात विशिष्ट बदल असलेली प्रत आई आणि वडील, दोघांकडून आली तर बहुधा केस लाल होतात. म्हणूनच कधी कधी काळ्या केसांच्या आईबापांच्या पोटीही लाल केसांचं मूल जन्मतं. जगात शंभरात एखाद-दोन माणसांचे केस असे असतात, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये खूपच जास्त. रॉरीला यातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर 'वडिलांकडूनही आलं' हे. वडिलांचे केस काळे, आणि घरात तेच सगळ्यात जास्त थट्टा करायचे.

तो कागद त्याच्या परवानगीने मी वर्षप्रमुख बाईंना दाखवला. त्यांनी सगळ्या वर्गाला भाषण दिलं नाही, हे फार बरं झालं. भाषणानंतर सगळ्यांचे डोळे त्याच्याकडेच वळले असते. बसमध्ये मागे एक शिक्षक बसू लागले, कपडे बदलायच्या खोलीच्या दारात एक जण उभा राहू लागला. हजेरी घेताना 'जिंजर महाशय' म्हणालेल्या शिक्षकांनी रॉरीला बाजूला घेऊन सॉरी म्हटलं. आणि चिडवणाऱ्यांशी एकेकट्याने बोलणं झालं. त्यात एक मुलगा होता, भारतातून आलेल्या घरातला. तो स्वतः काही बोलायचा नाही, फक्त हसायचा. का हसतोस म्हटल्यावर बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "रॉरी शाळेत यायच्या आधी ते मला म्हणायचे."

इथे फोनवर ती आई गप्प झाली.

मी तिला कायद्याचंही सांगितलं, कारण तिने विचारलं होतं. समतेच्या कायद्यात नऊ गोष्टींना संरक्षण आहे. त्यातली एक वंश, आणि वंशात कातडीचा रंग येतो, केसांचा रंग मात्र कुठेच नाही. पण इंग्लंडमधल्या सरकारी शाळांना २००६ च्या शिक्षण कायद्याने सर्व प्रकारची दादागिरी रोखणं बंधनकारक केलं आहे. सर्व प्रकारची, कातडीचीच नव्हे. शाळेने ईमेल पाठवला ते कर्तव्य होतं, मुलावर डाग नाही. त्याला ओरडू नका, बळजबरीने माफीचं पत्र लिहायला लावू नका, तसलं पत्र समोरच्या मुलाला लगेच कळतं. निवांत बसून विचारा, नेमकं कोण काय म्हणतं, आणि तू तेव्हा कुठे उभा असतोस.

"आणि तुम्ही," मी विचारलं, "तुम्हाला शाळेत कुणी काही म्हणायचं का?"

"काळी म्हणायचे," ती म्हणाली. लगेच पुढे, "पण ते आपलं असंच."

चार दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. मुलाला विचारलं होतं. त्याला कधी कुणी काही म्हणालं नव्हतं. "सगळेच म्हणतात म्हणून मीही," एवढंच त्याचं उत्तर. तिला वाटत होतं काहीतरी कारण निघेल, तसं काही निघालं नाही. मग तिने त्याला आपलं सांगितलं. तो म्हणाला, "आई, कोण म्हणायचं तुला?"

"ताई, मला वाटलं मी विसरले असेन," ती म्हणाली. "तीस वर्षं झाली. पण पोराने विचारल्याबरोबर नाव आठवलं, आडनाव आठवलं, खिडकीकडच्या रांगेतला तिसरा बाक. तिच्या वेणीला कुठल्या रंगाची रिबीन असायची, तेसुद्धा."