नाणं तेच आहे की नुसतं तसंच आहे?

प्रश्न : काका नमस्कार, मी लालबागला राहतो, नोकरी लोअर परळला. सहा वर्षं झाली ब्रिटिश इंडियाची नाणी जमवतोय, कलेक्शन फार मोठं नाही, पगारातून जमेल तसं. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना आजीच्या ट्रंकेत तिच्या सासूबाईंचे चांदीचे अकरा रुपये निघाले, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले. त्यातला एक राणीछाप १८६२ चा आणि त्यावर सालाच्या खाली बरेच ठिपके दिसत होते. मी मोबाईलवर फोटो काढून फोर्टातल्या एका डीलरला व्हॉट्सअ‍ॅप केला, त्यांनी पाच मिनिटांत उत्तर दिलं की घेऊन या, डॉट जास्त दिसतायत, बघून सांगतो. शनिवारी घेऊन गेलो, तर म्हणाले राहू दे थोडे दिवस, एका मोठ्या कलेक्टरला दाखवतो, चांगला भाव येईल. चेकिंगचे ३०० रुपये मी तिथेच यूपीआयने दिले, त्यांनी चिठ्ठी दिली त्यावर फक्त "क्वीन १ रु. १८६२, १ नग" एवढंच लिहिलंय. बारा दिवसांनी म्हणाले त्या कलेक्टरला नकोय, घेऊन जा. दुकानात गर्दी होती, कागदी होल्डरमध्ये स्टेपल करून दिलं, मी खिशात टाकलं आणि घरी येईपर्यंत बघितलंच नाही. घरी भिंग लावलं तर सालाखाली ठिपके नाहीत, आणि आमचं नाणं काळपट निळसर होतं तर हे चकचकीत. फोन केला तर म्हणाले तेच आहे, साफ केलंय म्हणून वेगळं वाटतंय, चांदी खरी आहे की नाही वजन करून बघा. वजन भरलं ११.६ ग्रॅम, म्हणजे बरोबरच. घरचे म्हणतात एका रुपयासाठी भांडत बसू नको, मित्र म्हणतो कलेक्टरांच्या ग्रुपवर त्याचं नाव टाक. आजीला अजून सांगितलेलं नाहीये. मी काय करू?

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि खरं सांगतो, जीव हळहळला, कारण हे माझ्याही बाबतीत झालंय, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी त्या वजनाचं बघू, कारण तुम्हाला तिथेच गोंधळात टाकलंय. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के, ठिपके असोत नसोत, सगळ्यांचं हेच. म्हणजे तुमचं नाणं खरं होतं आणि परत मिळालेलंही बहुतेक खरंच आहे. उद्या तुम्ही ते टांकसाळीत नेऊन धातू तपासून आणलात तरी तुमच्या हातात काही लागणार नाही, उलट ते म्हणतील बघा, मी सांगत होतो ना. नाणं खरं की खोटं हा तुमचा वादच नाहीये. जे दिलं तेच परत मिळालं का, एवढाच प्रश्न आहे आणि तक्रारीच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तोच धरून बसा.

आता ठिपके. १८६२ हे साल घातलेले रुपये त्या एकाच वर्षी पाडलेले नाहीत, ठशावरचं साल तेच ठेवून पार १८७४ पर्यंत पाडत राहिले, आणि मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर सालाच्या वर-खाली जे ठिपके दिसतात ती नाणं नक्की कुठल्या वर्षी पाडलं त्याची खूण असं संग्राहक मानतात. म्हणून १८६२ चा साधा रुपया कुठल्याही डीलरच्या ट्रेमध्ये सापडेल, पण वर-खालच्या ठिपक्यांच्या काही जोड्या शोधायला वर्षं जातात. भाव त्याचाच असतो. तुमच्या डीलरला हे माहीत नसेल असं मी मानायला तयार नाही, कारण फोटो बघून पाच मिनिटांत त्यांनीच लिहिलं की डॉट जास्त दिसतायत.

हेच वाक्य तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत, आणि तुमच्याकडे सगळ्यात भक्कम काही असेल तर ते हेच आहे! चिठ्ठीवर ठिपक्यांचा उल्लेख नाही हे खरं, पण नाणं ज्यांच्याकडे गेलं त्यांनीच लेखी कबूल केलंय की ठिपके होते. तो चॅट डिलीट करू नका, एक्सपोर्ट करून ठेवा, फोन विकू नका, रिसेट करू नका. फोटोची मूळ फाईल गॅलरीत आहे तशीच ठेवा, क्रॉप पण नको, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेला फोटो दबतो आणि कधी काढला वगैरे माहिती त्यातून निघून जाते. पुढे हे कुठे दाखल करायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, वकिलाला त्याचा मसुदा माहीत असतो.

साफ केलं म्हणून वेगळं दिसतंय, याचं उत्तर असं आहे. साफ केल्याने काळेपणा जातो, निळसर टोनिंग म्हणजे वर्षानुवर्षं चढलेला थर जातो, नाण्याची किंमतही पडते (आणि तुम्हाला न विचारता साफ केलं हे ते स्वतःच बोलतायत, तेही लिहून ठेवा). पण ठिपके ठशातून उठलेले असतात, चांदीचाच उंचवटा असतो तो, धुऊन जात नाही. घालवायचा तर घासावा लागेल आणि घासला की आजूबाजूची जागा खोलगट होणार, शेजारच्या फुलांच्या पाकळ्या बोथट होणार. सकाळी खिडकीत बसा, ऊन बाजूने पडेल असं नाणं धरा, दहापट भिंग लावा आणि सालाच्या खालची जागा बघा. तिथला पृष्ठभाग सपाट असेल आणि पाकळ्यांच्या कडा धारदार असतील तर त्या नाण्यावर ठिपका कधी नव्हताच. कागदी होल्डरच्या मधल्या पारदर्शक प्लास्टिकमधूनही हे दिसतं, त्यामुळे पिना काढू नका, ज्या अवस्थेत दिलं त्याच अवस्थेत राहू दे.

मग तुमचा जुना फोटो मोठा करा आणि घड्याळासारखी रिम म्हणजे नाण्याची कड फिरा, बारा वाजता काय, एक वाजता काय, असं. दीडशे वर्षं हातोहात फिरलेल्या नाण्यावर काही ना काही असतंच, रिमवर बारीक खाच, राणीच्या गालावर ओरखडा, पूर्वीच्या सराफाने पारखताना मारलेला बारीक छाप. सगळं कागदावर उतरवा आणि परत आलेल्या नाण्याचीही तशीच यादी करा. एक जरी खोल खाच फोटोत आहे आणि हातातल्या नाण्यावर नाही असं निघालं तर विषय संपला, खाच भरून येत नाही.

आणि अजून एक, जे तुमच्या लक्षात आलं नसेल. उरलेले दहा रुपये. ते धुऊ नका, पुसूसुद्धा नका. एका फडक्यात इतकी वर्षं एकत्र पडून होते म्हणजे त्यांच्यावर बऱ्यापैकी सारखाच निळसर थर चढला असणार, तुमच्या फोटोतल्या रुपयावर होता तसाच. ते दहा आणि फडकं एकत्र ठेवून फोटो काढा.

आता करायचं काय. पहिलं पत्र आरोप न करता लिहा. डीलरकडे होल्डरमध्ये घातलेले १८६२ चे वीस रुपये पडलेले असतात, खरंच अदलाबदल झाली असू शकते आणि माणसाला चूक सुधारायला एक दार उघडं ठेवावं, शिवाय नाणं अजून दुकानातच असेल तर ते याच दाराने परत येईल. अमुक तारखेला नाणं दिलं, हा त्याचा फोटो, हा तुमचा मेसेज, हे ३०० रुपये, अमुक तारखेला परत मिळालं ते हे नाही कारण हे-हे फरक, माझं मूळ नाणं १५ दिवसांत द्या. एवढंच लिहा, स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, त्याचीच प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाका म्हणजे वाचल्याचं कळेल. ते नाणं आणून द्या मग बघतो म्हणाले तर पोच लिहून घेतल्याशिवाय देऊ नका, नाहीतर तुमच्याकडे तेही राहणार नाही.

पंधरा दिवसांत हललं नाही तर दोन रस्ते आहेत. तुम्ही नाणं विश्वासाने त्यांच्या ताब्यात दिलं होतं, ते बदलून ठेवून घेतलं असेल तर भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ चा विश्वासघात आणि कलम ३१८ ची फसवणूक, ही दोन कलमं बघण्यासारखी आहेत. पोलीस स्टेशनला बहुतेक तुम्हाला सांगतील की हा दिवाणी मामला आहे, वाद घालू नका, लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का घेऊन या. दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा, आणि इथे तुमचे ३०० रुपये कामाला येतात, कारण फुकट दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, पैसे देऊन घेतलेली येते. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या भागाच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, तक्रार नोंदवून बघा, कधी कधी तेवढ्यानेच समोरचा फोन करतो.

ग्रुपवर नाव टाकायचं मात्र मनातून काढा. राग समजतो मला, पण बदनामीची नोटीस उलट तुम्हालाच येईल आणि नाणं दुसऱ्या दिवशी मुंबईबाहेर जाईल. त्यापेक्षा फोटो घेऊन ओळखीच्या दोन-तीन जुन्या डीलरांना शांतपणे भेटा, कोणाकडून झालं ते न सांगता एवढंच म्हणा की हा रुपया माझ्या हातून गेलाय, विकायला आला तर कळवा. बहुतेक डीलर सरळ माणसं आहेत, त्यांचा धंदा जिभेवर चालतो आणि असल्या प्रकाराने त्यांचंच नाव खराब होतं, ते मदत करतात, मी अनुभवलंय. नाण्यांच्या लिलावांचे कॅटलॉगही बघत राहा, त्यात एकेका नाण्याचा मोठा फोटो असतो, ठिपक्यांचे रुपये शेवटी तिथेच येतात आणि तुमच्याकडे खाचांची यादी असेल.

माझं सांगायचं राहिलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी माझी तांब्याची शिवराई एका विक्रेत्याला बघायला दिली. शिवराई हाताने पाडलेली, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे कुठे "श्री" कापली जाते कुठे "पति" मधली वेलांटी, एकासारखी दुसरी नसते. माझ्या शिवराईवर "छत्र" पूर्ण होतं आणि "ति" ची वेलांटी अर्धी. त्यांनी टेबलाखालून काहीतरी कागद काढला, बोलता बोलता नाणं परत दिलं आणि हातात आली तेव्हा "छत्र" अर्धं. मी तिथे उभा राहून म्हणालो हे माझं नाही, ते म्हणाले हेच दिलंत, आणि माझ्याकडे एक फोटो नव्हता, एक चिठ्ठी नव्हती. घरी आलो. ती वेलांटी अजून डोळ्यांसमोर आहे. तुमच्याकडे फोटो आहे, मेसेज आहे, पैसे दिल्याची नोंद आहे, म्हणून तुम्हाला एका रुपयासाठी भांडू नको असं मी अजिबात म्हणणार नाही.

आणि आजीला सांगा, आजच सांगा. नाणं तिचं आहे, अर्जात मालक म्हणून तिचं नाव यावं लागेल, तिचं एक साधं पत्र लागेल की नातवाला मी ते विकलं जातंय का हे बघायला दिलं होतं. शिवाय त्या अकरा रुपयांबद्दल तिला जे आठवत असेल ते दुसऱ्या कोणाला आठवणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट आहे. व्हिडिओ बघून फोन केला तर म्हणतात अडीच लाख मिळतील, रिझर्व्ह बँकेचं मंजुरीपत्र पण पाठवलंय, आधी टॅक्सचे ४,८०० भरा. भरू का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : ताई, एक रुपयाही भरू नका. रिझर्व्ह बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, त्यासाठी कमिशन घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, हे त्यांनी ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय. ते मंजुरीपत्र बनावट आहे. ट्रॅक्टरच्या नोटा अजून घराघरात निघतात, एका साध्या नोटेला अडीच लाख कोणी देत नाही. आधी पैसे मागणारा खरेदीदार हा खरेदीदारच नसतो, विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. आधार किंवा बँकेचे डिटेल्स आधीच पाठवले असतील तर बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० वर, फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण.