टिकाऊ टोमॅटोची चव कुठे जाते?

प्रश्न : पूर्वी परसातले गावठी टोमॅटो लाल झाले की तीन-चार दिवसांत लिबलिबीत होत. हल्ली बाजारातून आणलेले टोमॅटो दोन आठवडे टणक राहतात, पण साराला ना आंबटपणा येतो ना वास. हे जनुक बदललेले टोमॅटो असतात का?

उत्तर : नाही. भारतात जनुकीय अभियांत्रिकीने तयार केलेल्या टोमॅटोच्या व्यापारी लागवडीला परवानगी नाही, तेव्हा ही शंका मनातून काढून टाकावी. टिकाऊपणा मात्र जनुकांमुळेच येतो, आणि तो नेहमीच्या संकरातून आणला जातो.

फळ पूर्ण वाढले की त्यात इथिलीन वायू तयार होऊ लागतो. लाल रंग, वास आणि पेक्टिन (पेशींना एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) विरघळवून गर मऊ करणारी विकरे (एन्झाइम) ही सगळी त्यामागोमाग येतात. या साऱ्याच्या मुळाशी 'रिन' नावाचे जनुक आहे. 1960 च्या दशकात या जनुकात निसर्गतःच बिघाड झालेले टोमॅटोचे झाड अभ्यासकांना मिळाले. त्याचे फळ लिंबासारखे पिवळे होऊन तिथेच थांबते आणि कित्येक आठवडे टणक राहते. देठाशी असलेली हिरवी पाने नेहमीपेक्षा लांब असतात, कारण 'रिन'च्या शेजारचे जनुकही त्याच जागी तुटलेले आहे. असे फळ कोणी खाणार नाही. पण त्याचा साध्या वाणाशी संकर केला, की एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असलेले फळ लाल होते, फक्त सावकाश. जगभरातले अनेक टिकाऊ संकरित वाण असेच तयार झाले. (सगळे नव्हेत, जाड साल आणि घट्ट गर पाहून निवडलेलेही पुष्कळ आहेत.) गर मऊ करणारी आणि वास आणणारी जनुके 'रिन' या एकाच बटणाने चालत असल्याने हे बटण अर्धे बंद केले की दोन्ही मंदावतात, आणि आपली तक्रार नेमकी इथेच आहे.

हे दोन्ही वेगळे करता येते का? अमेरिकेत 1994 मध्ये विक्रीला आलेल्या 'फ्लेवर सेव्हर' टोमॅटोत पेक्टिन तोडणारे एकच विकर दाबले होते. फळ अपेक्षेइतके टणक राहिले नाही आणि काही वर्षांत ते बाजारातून गेले. 2016 मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी पेक्टेट लायेज हे दुसरे विकर दाबले, तेव्हा फळ घट्ट राहिले आणि रंग व वास फारसा बिघडला नाही. मला हा मार्ग खरोखर आशादायक वाटतो.

आपल्या हातात एक गोष्ट आहे. पाच अंशांच्या थंडीत आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोत वासाची अनेक जनुके मंदावतात आणि फळ बाहेर काढल्यावरही वास पूर्णपणे परतत नाही. म्हणून पिकायचे टोमॅटो फ्रिजमध्ये न ठेवता, देठाची बाजू खाली करून, परडीत एका थरात मांडावेत.