अमेरिकेतले मतदारसंघ : रेषा कोण आखतं, यादीत कोण असतं

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून अमेरिकेच्या निवडणुकांविषयी बरीच पत्रं आली. बहुतेकांची मुलं, भावंडं तिकडे स्थायिक आहेत आणि फोनवर कानावर पडलेल्या शब्दांचा नीट उलगडा त्यांना हवा आहे. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहतो, आता तिकडचा नागरिक आहे. तो म्हणतो, २०२१ नंतर आमचा डिस्ट्रिक्ट बदलला आणि २०२५ मध्ये नकाशा पुन्हा बदलला. जनगणना दहा वर्षांनी होते ना? मग घर तेच असताना जिल्हा मध्येच कसा बदलतो?
— वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : मुलाचा जिल्हा बदललेला नाही, मतदारसंघ बदलला आहे. तिकडे आपल्या जिल्ह्याच्या जवळचा शब्द ‘काउंटी’, आणि काउंटीच्या सीमा सहसा हलत नाहीत. ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे मतदारसंघ. एकाच घरावर असे तीन-चार डिस्ट्रिक्ट एकमेकांवर पसरलेले असतात : संसदेच्या हाउसचा, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या कनिष्ठ सभागृहाचा एक, राज्याच्या दोन सभागृहांचे दोन, शाळा मंडळाचा आणखी एक. कळवेकरांना हे चटकन कळेल. घरपट्टी ठाणे महापालिकेत भरायची, आमदार मुंब्रा-कळव्याचा आणि खासदार मात्र कल्याणचा.

आता क्रम पाहू. दर दहा वर्षांनी, शून्याने संपणाऱ्या वर्षी, १ एप्रिल ही तारीख धरून शिरगणती होते. हाउसच्या जागा ४३५. हा आकडा १९११च्या कायद्याने ठरला आणि नंतर कायम झाला. पन्नास राज्यांना आधी प्रत्येकी एक जागा मिळते आणि उरलेल्या ३८५ जागा लोकसंख्येच्या सूत्राने एकेक करून वाटल्या जातात. २०२०च्या गणनेनंतर टेक्ससच्या जागा ३६ वरून ३८ झाल्या. न्यूयॉर्कची एक जागा गेली, तीही फक्त ८९ माणसांनी. बाकी राज्यांचे आकडे तेच धरले आणि न्यूयॉर्कमध्ये आणखी ८९ जण मोजले गेले असते, तर ती जागा वाचली असती. या गणनेत नागरिक-अनागरिक असा भेद नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेली मुलगी, तिचा नवरा, त्यांचं बाळ, सगळे मोजले जातात. म्हणून मतदानाचा हक्क नसला तरी गणनेचा अर्ज भरायला त्यांना जरूर सांगा.

केंद्राचं काम इथे संपतं. कोणत्या राज्याला किती जागा, एवढंच ते ठरवतं. राज्याच्या आत रेषा कुठून न्यायची हे राज्य ठरवतं, आणि टेक्ससमध्ये ते विधिमंडळ ठरवतं. एखादं विधेयक यावं तसा नकाशा येतो, बहुमताने मंजूर होतो आणि गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, सही करतात. दहा वर्षांतून एकदा रचना करणं बंधनकारक आहे, पण मध्येच पुन्हा करू नये असं केंद्राचा कायदा सांगत नाही. टेक्ससने २००३ मध्येही हेच केलं होतं, आणि मधल्या फेररचनेला बंदी नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाने आणखी पाच जागा मिळवण्याच्या उघड हेतूने नवा नकाशा मंजूर केला. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरमध्ये जनमत घेऊन डेमोक्रॅटिक पक्षाला अनुकूल नकाशा आणला. त्यासाठी एरवी रेषा आखणाऱ्या स्वतःच्या नागरिक आयोगाचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवला.

मुलाला एक सांगा : रेषा हलली की मतदान केंद्र आणि उमेदवार दोन्ही बदलू शकतात. जुन्या केंद्रावर जाऊन परत येण्यापेक्षा काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपला पत्ता टाकून दर निवडणुकीआधी पाहून घ्यावं.

प्रश्न : प्रभागरचना आली की आमच्याकडेही ‘सोयीची रचना केली’ अशी ओरड होते. मग अमेरिकेतल्या गेरीमँडरिंगमध्ये वेगळं काय?
— वाचक, ऐरोली

उत्तर : गेरीमँडरिंग म्हणजे पक्षाच्या फायद्यासाठी मतदारसंघाच्या रेषा वाकवणं. वेगळेपण पेन कोणाच्या हातात आहे यात आहे. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेची रचना परिसीमन आयोग करतो, सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात आणि आयोगाच्या आदेशात संसदेला फेरफार करता येत नाही. प्रभागाचा मसुदा जाहीर होतो, त्यावर हरकती-सूचना मागवतात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मात्र ज्यांना निवडून यायचं आहे त्यांचाच पक्ष रेषा आखतो.

त्याने काय होतं ते हिशेबाने पाहा. समजा एका वसाहतीत ४५ इमारती आहेत. २५ इमारती ‘अ’ गटाच्या, २० ‘ब’ गटाच्या. नऊ-नऊ इमारतींचे पाच भाग पाडायचे आणि प्रत्येक भागातून एक प्रतिनिधी निवडायचा. आखणी ‘ब’च्या हाती असेल तर तो एका भागात ‘अ’च्या नऊच्या नऊ इमारती कोंबतो. उरलेल्या चार भागांत ‘अ’च्या चार आणि स्वतःच्या पाच. निकाल : ‘ब’ला चार जागा, ‘अ’ला एक. आखणी ‘अ’च्या हाती असेल तर तो प्रत्येक भागात स्वतःच्या पाच आणि ‘ब’च्या चार ठेवतो. निकाल : पाचही जागा ‘अ’च्या. एकही इमारत हलली नाही, एकानेही मत बदललं नाही. विरोधकांना एका जागी कोंबणं आणि उरलेल्यांना थोडेथोडे विखुरणं, या दोनच युक्त्यांवर सगळा खेळ चालतो. आज तो संगणकावर, रस्त्यांनी वेढलेल्या एकेका गणना-गटाच्या पातळीवर होतो, त्यामुळे फार नेमका बसतो.

नाव मात्र जुनं आहे. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्यासारखा वळवळता दिसत होता. गेरी आणि सॅलमँडर जोडून बोस्टनच्या वर्तमानपत्राने हा शब्द घडवला.

न्यायालयं कुठे अडवतात? लोकसंख्येच्या बाबतीत फार कडकपणे. १९६४ पासून एका राज्यातले हाउसचे मतदारसंघ जवळजवळ समान असावे लागतात. न्यू जर्सीच्या नकाशात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मतदारसंघात ३,६७४ माणसांचा, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी, फरक होता. त्याचं समर्थन करता आलं नाही म्हणून तो नकाशा १९८३ मध्ये रद्द झाला. पण पक्षाच्या फायद्यासाठी रेषा वाकवली, ही तक्रार केंद्रीय न्यायालयं ऐकणार नाहीत, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं. आमच्या मते दुखणं इथेच आहे. माणसं अगदी काटेकोर मोजायची आणि मग हवी तशी वाटून टाकायची. आयोवा राज्याची पद्धत यापेक्षा कितीतरी चांगली. तिथे विधिमंडळाच्या सेवेतले पक्षनिरपेक्ष कर्मचारी नकाशा काढतात आणि विद्यमान सदस्य कुठे राहतात, कोणत्या पक्षाचे मतदार कुठे आहेत, हे त्यांना पाहताच येत नाही.

प्रश्न : जास्त मतं मिळूनही राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार हरतो, हे कसं?
— वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : कारण देशभरची मतं एकत्र मोजतच नाहीत. राष्ट्राध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांचे निर्वाचक. ते एकूण ५३८ : हाउसचे ४३५ आणि सेनेटचे, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, १०० यांच्याइतके, आणि राजधानी वॉशिंग्टनचे ३. जिंकायला २७० लागतात. ४८ राज्यांत आणि राजधानीत जो पुढे त्याला तिथले सगळे निर्वाचक, मग आघाडी एका मताची असो वा दहा लाखांची. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख मतं जास्त पडली, तरी ट्रम्प जिंकले. फक्त मेन आणि नेब्रास्का ही राज्यं काही निर्वाचक मतदारसंघवार देतात, आणि तिथे मात्र नकाशाची रेषा राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही शिरते.

प्रश्न : मुलगी एच-वन-बीवर आहे. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना तिला मतदार नोंदणीचाही अर्ज पुढे केला. भरावा का?
— वाचक, वाशी

उत्तर : भरू नये. ग्रीन कार्ड असलं तरी भरू नये. १९९३च्या कायद्याने बहुतेक राज्यांत लायसन्स कार्यालयाला मतदार नोंदणीची सोय द्यावी लागते. खिडकीवरचा कर्मचारी सर्वांनाच तो प्रश्न विचारतो, समोरची व्यक्ती नागरिक आहे की नाही हे तो पाहतोच असं नाही. घोळ इथेच होतो. पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात, माणूस ‘होय, होय’ करत पुढे जातो आणि ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?’ यावरही खूण होऊन जाते. परक्या नागरिकाने केंद्रीय निवडणुकीत मत देणं गुन्हा आहे. नागरिक असल्याचा खोटा दावा तर मत न देताही अंगाशी येतो : ग्रीन कार्ड अडू शकतं, देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का’ हे विचारतात.

चुकून नोंद झालीच असेल तर गप्प बसू नये आणि मतपत्रिका घरी आली तरी मत देऊ नये. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठावं आणि त्याच्या सल्ल्याने काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून नाव काढून घ्यावं. पत्राची प्रत आणि पोच जपून ठेवावी, ती पुढे अनेक वर्षांनी लागू शकते.

प्रश्न : भाऊ नुकताच अमेरिकेचा नागरिक झाला. पहिल्या मतदानाआधी त्याने काय पाहावं?
— वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी यादी. नागरिकत्वाची शपथ झाली म्हणून नाव आपोआप यादीत गेलं असं धरू नये. मुदत राज्यागणिक वेगळी : टेक्ससमध्ये मतदानाच्या ३० दिवस आधी, न्यू जर्सीत २१ दिवस आधी. मतदान नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असतं, पण तेवढ्यावर थांबू नये. नकाशामुळे अनेक मतदारसंघ एकाच पक्षाचे झालेले असतात, तिथे खरी लढत प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवताना होते. न्यूयॉर्कसारख्या राज्यात त्या पक्षाकडे नोंद असल्याशिवाय प्रायमरीत मत देता येत नाही.

मतपत्रिका पाहून भाऊ गांगरेल. आपल्या यंत्रासारखं एक बटण दाबून सुटका नाही. राष्ट्राध्यक्ष, सेनेटर, हाउस, राज्याचं विधिमंडळ, शेरिफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), कुठे न्यायाधीश, शाळा मंडळ, शिवाय कर्जरोख्यांचे प्रस्ताव, हे सगळं एकाच कागदावर आणि बहुधा दोन्ही बाजूंना असतं. नमुना मतपत्रिका आधी मिळते, ती घरी बसून वाचावी. नावासमोरचा लंबगोल काळ्या किंवा निळ्या पेनाने पूर्ण भरायचा, फुली मारायची नाही. ‘जास्तीत जास्त दोन’ असं लिहिलेलं असताना तिघांचे गोल भरले तर त्या एका पदाचं मत बाद होतं, बाकीची मतं धरतात. एखादं पद कोरं सोडलं तर काही बिघडत नाही. टपालाने मत देणार असेल तर पाकिटावरची सही नोंदणीच्या सहीशी जुळायला हवी. घाईत केलेली आखूड सही हे पाकीट अडण्याचं नेहमीचं कारण आहे.

आणि केंद्रावर नाव सापडलं नाही, तर तसंच परत फिरू नये. २००२च्या कायद्याप्रमाणे त्याला तात्पुरती मतपत्रिका मागता येते. ती वेगळ्या पाकिटात ठेवतात आणि नोंद पडताळून मग मोजायची की नाही ते ठरवतात. सोबत मिळणाऱ्या चिठ्ठीवरच्या माहितीने आपलं मत मोजलं गेलं का, हे नंतर विचारता येतं.