नवरा ‘बघतो’ म्हणालाय, आता मी काय करू?

*मावशी, आम्ही कॅनडात विनिपेगला असतो. नवरा युनिव्हर्सिटीत शेतकी शिकवतो, सहा वर्षांपूर्वी हौसेने शहराबाहेर एक क्वार्टर म्हणजे १६० एकर जमीन पण घेतली, कनोला (तेलबियांचं पीक) आणि गहू करतो. आता तिथले शेतकरी मागे लागलेत की ऑक्टोबर २०२६ ला तिथल्या कौन्सिलला, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं, उभा राहा, रस्ते आणि पाण्याचे चर यातलं कळणारा माणूस हवा. मला न विचारता हा त्यांना ‘बघतो’ म्हणून मोकळा. मुलगी नववीत आहे, हा आत्ताच घरी दिसत नाही. मला राजकारणाची भीती वाटते. नको म्हणून सांगू का? – विनिपेगवाली*

अगं, आधी तर मी त्या १६० एकरांवरच अडकले. आपल्याकडे एवढी जमीन असलेल्याला उभा राहा म्हणून सांगावं लागत नाही, तो आधीच कारखान्याचा चेअरमन असतो. तुमच्याकडे ती छोटी शेती, असो.

तुझा नवरा जिथे शिकवतो ना, तिथलाच एक किस्सा सांगते, त्याला बहुतेक माहीतच असेल. जॉन ब्रॅकन. ऑन्टॅरिओतला शेतकऱ्याचा पोरगा, ग्वेल्फच्या शेतकी कॉलेजात शिकला, मग सस्कॅचेवानच्या युनिव्हर्सिटीत पीकशास्त्राचा प्रोफेसर, कोरडवाहू शेतीतला जाणकार (त्यावर पुस्तकही लिहिलं), आणि १९२० ला मॅनिटोबा ॲग्रिकल्चरल कॉलेजचा प्रमुख झाला, तेच कॉलेज जे पुढे तुमच्या युनिव्हर्सिटीत सामील झालं. १९२२ च्या जुलैत शेतकऱ्यांच्या संघटनेने तुमच्या मॅनिटोबा प्रांताची निवडणूक जिंकली, ५५ पैकी २८ जागा, आणि जिंकल्यावर बघतात तर पुढारीच नाही! वरात दारात आणि नवरदेवाचा पत्ता नाही. आधी ज्यांना विचारलं ते तयार होईनात, मग गेले ब्रॅकनकडे, जो निवडणुकीला उभा पण नव्हता. ऑगस्टमधे हा गडी थेट प्रीमियर, म्हणजे आपला मुख्यमंत्रीच की, आणि आमदारकी नंतर मिळवली, लांब उत्तरेला द पा नावाच्या मतदारसंघातून, कारण तिथलं मतदान उशिरा होतं.

आणि मग किती वर्षं? वीस! १९४३ च्या जानेवारीपर्यंत. फड गाजवणारा वक्ता अजिबात नव्हता, हिशोबी माणूस, खर्चाला कात्री लावणारा, पक्षबिक्ष नको नुसता कारभार नीट करू म्हणणारा. मंदी आली तसं लिबरल पक्षाला बरोबर घेतलं, महायुद्धात तर सगळ्याच पक्षांना. इथपर्यंत मला तो आवडतो. पण १९४२ च्या डिसेंबरात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने देशपातळीवरचं नेतेपद पुढे केलं आणि हा गेला, वर पक्षाच्या नावाला ‘प्रोग्रेसिव्ह’ जोडायला लावलं. अडीच वर्षं पार्लमेंटबाहेर बसून पक्ष चालवला, १९४५ ला हा निवडून आला पण पक्ष हरला, १९४८ ला पद गेलं, १९४९ ला स्वतःची सीट पण गेली. शेवटी ऑटावाजवळ मॅनोटिकला परत शेतावर. पहिलं बोलावणं त्याच्या कामाचं होतं, दुसरं नव्हतं असं माझं स्पष्ट मत.

तुझ्या नवऱ्याला आलेलं बोलावणं पहिल्या जातीचं आहे गं. चर कुठून काढायचा, खडीचा रस्ता कुठे खचतो, हे त्याचंच खातं. त्यामुळे नको म्हणू नकोस. तशीही तुझी भीती राजकारणाची नाहीये, त्या ‘बघतो’ची आहे. आपल्यात ‘बघतो’ म्हणजे अर्धं हो, आणि ते तुला नंतर कळलं. ते आधी भांडून घे, सरळ भांड, मनात ठेवून वर्षभर कढत बसू नकोस.

मग खरा प्रश्न. ब्रॅकन प्रीमियर झाला तेव्हा त्याने कॉलेज सोडलं होतं. तुझा नवरा काय सोडणार? कौन्सिलच्या मानधनात घर चालत नाही म्हणजे नोकरी राहणार, कौन्सिल वाढणार, मग शेतीच जायला हवी ना, नाहीतर जो काही उरलेला वेळ आहे तो तुझा आणि पोरीचा जाणार, तो कुणी न विचारताच जातो. आणि गंमत बघ, उमेदवारी अर्ज सप्टेंबरात, म्हणजे ऐन कापणीत. हा दारोदार फिरणार तेव्हा कापणीच्या यंत्रावर, त्या कंबाईनवर, कोण बसणार, तू?

त्याला म्हण, कौन्सिलची चार वर्षं जमीन शेजाऱ्याला भाड्याने दे, मग खुशाल उभा राहा. जमीन कुठे पळून जात नाही. तो याला कुरकुरला तर समज की त्याला तिन्ही हवंय, आणि तेव्हा मात्र नाही म्हण, मोठ्याने.

अजून एक. त्या शेतकऱ्यांबरोबर तो कॉफीला जातो ना, पुढच्या वेळी तू पण जा. बायको शेजारी बसली की ‘बघतो’ जरा जपून निघतं. काय ठरलं ते कळव, अर्ज भरायच्या आधी.

– मावशी