शंभर फील्ड

बाळा,

रविवारी आलास, पोहे निवत ठेवलेस आणि एकदम म्हणालास, "ताई, घणसोलीच्या लॅबमधली नोकरी सोडतो. दिवसभर मलेरियाचं रक्त आणि स्टूल म्हणजे शौचाचे नमुने, स्टूल आणि मलेरिया. मला चागास रोगावर काम करायचंय." मी हसले, ते चुकलं. पण जाता जाता जिन्यात जे बोललास त्याने मला झोप नाही. सिनियर म्हणतो मलेरियाचं कार्ड, ती थेंब टाकून रेघ बघायची झटपट टेस्ट, निगेटिव्ह आलं की रक्ताच्या स्लाइडवरून नुसती नजर फिरवायची आणि 'नॉट सीन', परजीवी दिसले नाहीत, असं टाकायचं. आणि तू टाकतोस.

चागासचं आधी. ज्याच्या नावाने तो रोग ओळखला जातो, तो डॉक्टर कार्लोस चागास ब्राझीलमधल्या लासांसला गेला होता कशासाठी? मलेरियासाठीच. रेल्वेचे मजूर तापाने आडवे होत होते म्हणून त्याला धाडलं. रेल्वेच्या डब्यातच झोपायचा, तिथेच रोगी तपासायचा, तिथेच मायक्रोस्कोप. कुडाच्या भिंतींच्या फटींतून रात्री निघून माणसाचं रक्त पिणारे किडे तिथल्या एका इंजिनिअरने त्याला दाखवले. याने किड्याचं पोट उघडून बघितलं, तर आत शेपटीवाले परजीवी वळवळतायत. मग माकडात शोधले, मांजरात शोधले आणि एप्रिल १९०९ मध्ये तापलेल्या दोन वर्षांच्या बेरेनिसच्या रक्तात सापडले. लोक रोगावरून जंतूकडे जातात, हा जंतूवरून रोगाकडे गेला.

आणि तो चुकलाही, बरं का. गिनीपिगच्या फुफ्फुसात दिसलेले गोळे त्याने याच परजीवीची अवस्था म्हणून सांगितले. तो निघाला न्यूमोसिस्टिस, वेगळाच जीव. रोग चावण्यातून होतो असं त्याला वाटायचं. खरं तर किडा रक्त पिता पिता तिथेच हगतो, आणि खाजवताना ती घाण जखमेत नाहीतर डोळ्यात जाते. पण त्याने बघून चूक केली, म्हणून पुढच्यांना ती सुधारता आली. न बघता लिहिलेला रिपोर्ट कुणी कसा सुधारायचा?

थिक स्मिअरचे, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या जाड थराचे, शंभर फील्ड, ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाचा थेंब टाकून. मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक फील्ड. त्याच्या आत 'नॉट सीन' लिहायचं नाही. नव्वद नाही. "ताई, पहिल्या वीसमध्ये असतं तर दिसलंच असतं" हे तर अजिबात नाही. दिसले नाहीत असं लिहायचं तर आधी कुणीतरी बघायला हवं ना रे!

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. १९९६ चा जुलै, मी वाशीला एका लॅबमध्ये होते. नाव घेत नाही. संध्याकाळी एका वॉचमनच्या नऊ वर्षांच्या मुलाची स्लाइड आली. बांधकामावरच राहणारं कुटुंब, टाकीत पाणी साठलेलं. ठाण्याच्या ज्या बसमध्ये बसायला जागा मिळायची, ती सुटायला दहा मिनिटं होती. चाळीस फील्ड बघितले. स्वच्छ. 'नॉट सीन' लिहून सही केली आणि पर्स उचलली. चौथ्या दिवशी पोराला फिट्स आल्याचं कळलं, फाल्सिपेरम होता, मलेरियातला सगळ्यात घातक. मी जुनी स्लाइड काढली, तेलाचा थेंब टाकला आणि पहिल्यापासून मोजत गेले. एकसष्टाव्या फील्डमध्ये परजीवीची रिंग. इतकीशी, जांभळा ठिपका आणि निळसर कडं. पुढे आणखी दोन. पोरगा वाचला, त्यात माझा काही वाटा नाही. मालक म्हणाले, "झालं ते झालं, स्लाइड टाकून द्या." टाकली नाही. कपाटात साड्यांखाली आहे.

त्यानंतर मी शंभरच्या खाली कधी उतरले नाही. मला हट्टी म्हणाले, संथ म्हणाले, एका ठिकाणी वर्षभर पगार वाढवला नाही. माझ्याबरोबरची जी मंडळी दिवसाला ऐंशी स्लाइड काढायची, त्यांच्या आज स्वतःच्या तीन-तीन शाखा आहेत. माझं दोन खोल्यांचं घर कळव्यातच आहे. मी बरोबर होते असं मला अजूनही वाटतं. हे इतक्यांदा सांगावं लागतं म्हणजे कुठेतरी खुपतही असणार, हे मला कळतं. असो.

कार्डाशी माझं वैर नाही. येऊरच्या पाड्यावर रात्री ताप चढला तर कार्ड देवासारखं. पण फाल्सिपेरमची रेघ रोगी बरा झाल्यावरही कित्येक आठवडे उमटते, आणि परजीवी थोडे असले की उमटतच नाही. तुझं मशीन प्लेटलेट साठ हजार म्हणून ओरडेल, का ते सांगणार नाही. शिवाय फाल्सिपेरम आतल्या बारीक केशवाहिन्यांना चिकटून बसतो, बोटाच्या थेंबात कमीच येतो. म्हणून शंका असेल तर आठ-बारा तासांनी पुन्हा रक्त मागायचं. डॉक्टर वैतागतील. वैतागू देत.

आणि नवल बघायला ब्राझीलच कशाला हवं? २००४ साली आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी सापडला. चागासच्या परजीवीचा भाऊबंद, गुराघोड्यांना सर्रा करणारा, माणसाला सहसा न होणारा. असले परजीवी मारणारं एक प्रथिन आपल्या रक्तात असतं, ते त्या माणसात नव्हतंच. अधूनमधून ताप यायचा आणि परजीवी कधी दिसायचे, कधी दिसायचे नाहीत. चाळीस फील्डवाल्याच्या हाती तो लागला असता का?

नोकरी सोड, नको सोडू, तुझं तू बघ. एम.एस्सी.चा फॉर्म भरायचा तर भर, फी कमी पडली तर मला सांग, लाजू नकोस. पण त्या सिनियरला सोमवारी सांग की स्लाइडमागे मला वेळ लागणार. तोंड वाकडं करेल. स्लाइड सरकवताना बैल नांगर वळवतो तशी वळव, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, म्हणजे तेच फील्ड दुसऱ्यांदा मोजलं जात नाही.

पाकिटात दहा चिंचोके घातलेत. दहा फील्ड झाले की एक डावीकडून उजवीकडे. एकाला कीड लागलीय, पण मोजायला चालेल.

तुझी,
ताई