कृषी सल्ला : आधी करार, मग पॅनल

सौर वीज महावितरणला विकण्याबद्दल जिल्ह्यातून आलेल्या शंकांपैकी चार इथे घेतल्या आहेत.

शिरूर : पाच एकर मुरमाड पडीक आहे. डीलर म्हणतो, कायद्याने महावितरणला आपली वीज घ्यावीच लागते, दर सात रुपये, वर युनिटमागे ४० पैसे अनुदान. पॅनलचा ॲडव्हान्स देऊ का?

देऊ नका. तिन्ही गोष्टी खोट्या आहेत.

विद्युत अधिनियम, २००३ मध्ये रुपयांतला दर कुठेच लिहिलेला नाही. कलम ६२ प्रमाणे दर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. निविदा निघाली तर कलम ६३ प्रमाणे त्यातून आलेला दर आयोग मान्य करतो. कलम ८६ मुळे वितरण कंपनीला काही हिस्सा अपारंपरिक वीज घ्यावी लागते हे खरं, पण ते बंधन कंपनीच्या एकूण खरेदीवर आहे, तुमच्या गटातल्या पॅनलवर नाही. लेखी वीज खरेदी करार नसेल तर तारेत सोडलेल्या युनिटचे पैसे मागायला कागदच नसतो. जर्मनीत २००० सालच्या कायद्याने ग्रिडला वीज घेणं सक्तीचं केलं आणि दर २० वर्षांसाठी बांधून दिला. डीलर मोबाईलवर दाखवतात ते व्हिडिओ बहुधा तिकडचे. शिरूरला तो कायदा लागू नाही.

तुम्हाला लागू पडतो तो केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेचा घटक अ, म्हणजे शेतजमिनीवरचे छोटे सौर प्रकल्प : ५०० किलोवॅट ते २ मेगावॅट, उपकेंद्रापासून साधारण ५ किलोमीटरच्या आत, करार २५ वर्षांचा. त्यातला दर आधीच ठरलेला असतो. अर्ज जास्त आले की तोच दर कमाल धरून बोली लागते, म्हणजे हातात पडणारा दर त्याहून खालीच. आणि पुढची २५ वर्षं तोच. डीलरच्या कागदावर दरात दरवर्षी ५ टक्के वाढ दाखवली असेल, तर तो कागद बँकेत नेऊ नका, चुलीत घाला. ते ४० पैसे महावितरणला मिळतात, पाच वर्षं, मेगावॅटमागे वर्षाला जास्तीत जास्त ६.६० लाख रुपये. तुमच्या खात्यात त्यातला छदामही येत नाही.

आता हिशेब बघा. तुमच्या पाच एकरांत साधारण १ मेगावॅट बसतं. १५ टक्के क्षमता वापर (चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालून जेवढी वीज मिळाली असती तिच्या १५ टक्के) धरला तर वर्षाला १३.१४ लाख युनिट. उदाहरणापुरता ३ रुपये दर धरा : ३९ लाख. सात रुपयांनी तेच ९२ लाख दिसतात आणि माणूस सही करून मोकळा होतो. या ३९ लाखांतून बँकेचा हप्ता, विमा, पॅनल धुण्याचं पाणी, राखणदार आणि इन्व्हर्टरची दुरुस्ती निघायची आहे. उपकेंद्रापर्यंतची ११ केव्ही वाहिनी तुमच्याच खर्चाने, आणि मोजणी उपकेंद्रात, म्हणून वाटेतली गळतीही तुमचीच. खांब ज्यांच्या रानातून जाणार त्यांची लेखी संमती आधी घ्या. प्रकल्प उभा आणि वाहिनी बांधावर अडलेली, हे नेहमीचं आहे.

क्रम असा : उपकेंद्राच्या क्षमतेची जाहिरात, अर्ज, मंजुरीपत्र आणि बँक हमी, वीज खरेदी करार, आणि त्यानंतरच पॅनलची ऑर्डर. डीलर शेवटचं पहिलं करायला लावतो, कारण त्याचं कमिशन ऑर्डरवर आहे. करार होईपर्यंत एक रुपया देऊ नका.

पुरंदर : घराचं बिल महिन्याला २४० युनिट. १० किलोवॅट बसवून उरलेली वीज विकावी का?

नको. एक किलोवॅट महिन्याला सरासरी १२० युनिट देतं. तुम्हाला २ पुरे, फार तर ३. घराच्या छतावरच्या पॅनलसाठी असलेल्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांवर थांबतं, पुढचं सगळं तुमच्या खिशातून. नेट मीटरिंगमध्ये (ग्रिडला दिलेली जादा वीज बिलातून वळती करून घेण्याच्या सोयीत) मंजूर भारापेक्षा जास्त क्षमता बसत नाही. त्यावर डीलर म्हणेल, भार वाढवून घ्या. वाढवू नका. जादा युनिट पुढच्या बिलात वळते होतात ते ३१ मार्चपर्यंतच. तेव्हा उरलेली वीज आयोगाने मान्य केलेल्या खरेदी दराने जाते, तुमच्या बिलातल्या दराने नाही, आणि १ एप्रिलला खातं शून्यावर येतं. जादा युरियाने ऊस नुसता माजतो, साखरेचा उतारा घटतो, तसंच हे. गेल्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून क्षमता काढा. पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, पाण्याची टाकी भरणं दुपारी उरका. स्वतः वापरलेलं युनिट विकलेल्या युनिटापेक्षा जास्त पैसे वाचवतं, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि प्रत्येक बैठकीत कुणीतरी १० किलोवॅटचं कोटेशन काढतंच.

इंदापूर : सौर पंप पावसाळ्यात बंद असतो. ती वीज विकता येईल का?

नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मधला पंप ग्रिडला जोडलेला नसतो. कंट्रोलर युनिव्हर्सल प्रकारचा, म्हणजे पंपाशिवाय दुसरं यंत्रही चालवणारा असेल तर त्यावर कडबाकुट्टी चालवा. वायरमनकडून परस्पर जोडणी केलीत तर पाच वर्षांची हमी गेली. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या ग्रिडवरच्या पंपाला मार्च २०२९ पर्यंत वीज मोफतच आहे. त्यासाठी पॅनल घेऊन काय वाचवणार?

दौंड : एजंट एकरी ३०,००० भाड्याने जमीन मागतो. द्यावी का?

मुरमाड असेल तर भाड्याने देणं हाच माझा पहिला सल्ला, पण एजंटाला नव्हे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये भाडं हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी ५०,०००, वर दरवर्षी ३ टक्के वाढ. मधले २०,००० कुणाकडे जातात ते उघड आहे. अर्ज थेट महावितरणकडे करा. सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या, सोसायटीचा बोजा असेल तर आधी उतरवा. भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच हवा. नुसती स्टॅम्पवरची नोटरी चालत नाही. पट्ट्यात तीन कलमं बघूनच सही करा : भाडं कोणत्या तारखेला, थकलं तर व्याज किती, आणि मुदत संपल्यावर काँक्रीटचे पाये कोण उपसणार. कॅनॉलखालचं बागायत रान मात्र यात देऊ नका, भाडं कितीही सांगितलं तरी.