निकेल, इंडोनेशिया आणि आपला जांभा

प्रश्न : सर, उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री हाय, स्टेनलेसच्या व्हॉल्व्हची कास्टिंग काढतो. निकेलचा भाव हलला की आमचं कोटेशन बिघडतंय. सप्लायर सांगत होता, जगातलं निम्मं निकेल आता इंडोनेशियातनं येतंय आणि त्यांनी कच्ची माती बाहेर द्यायचीच बंद केलीय. त्यानं त्या देशाचं भलं झालं का? पोरगं म्हणतंय आपणपण असंच करायला पायजे.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : भलं झालं, पण अर्धंच, आणि उरलेल्या अर्ध्याची मला जास्त काळजी वाटते.

आधी माती बघा. खानापूरकडं जाताना लाल जांभा दिसतो की, सुलावेसी आणि हल्माहेरा बेटांवरची निकेलची माती त्याच जातीची. फरक खालच्या खडकाचा, आपला बसाल्ट म्हणून जांभ्यात कुठं कुठं बॉक्साइट, म्हणजे अल्युमिनियमची कच्ची माती, मिळतो, तिथल्या खडकात मुळातच निकेल जास्त. तरी चांगल्या मातीतही ते दीड-दोन टक्केच, म्हणजे १०० टन जहाजात भरली तर ९८ टन नुसतं ओझं आणि खरी कमाई वितळवणाऱ्या दुसऱ्या देशाची. म्हणून त्यांनी २००९ मध्ये माती देशातच वितळवायचा कायदा केला, २०१४ ला कच्ची माती बाहेर पाठवायला बंदी घातली, २०१७ ला ढिली केली आणि २०२० पासून परत पक्की केली. युरोपियन युनियन या बंदीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेलं, २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात लागला, त्यांनी अपील केलं आणि बंदी चालूच ठेवली. सुलावेसीतल्या मोरोवालीसारख्या ठिकाणी मोठमोठे स्मेल्टर, म्हणजे माती वितळवून धातू काढणारे कारखाने, उभे राहिले, निकेलच्या मालाची निर्यात वर्षाला काही अब्ज डॉलरवरून ३० अब्जांच्या आसपास गेली. हे धाडस मला पटतं.

पण भट्टीला करंट किती लागतो ते तुम्हाला मी काय सांगू, दर महिन्याला बिल बघताय. तिथं ही वीज मुख्यतः कारखान्यांच्या स्वतःच्या कोळसा प्लांटमधनं येते. २०२२ मध्ये सरकारनं नवीन कोळसा प्लांटवर बंदी आणली आणि नेमकी अशा उद्योगांना सूट दिली! म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचं निकेल कोळशावर वितळतंय. माती वरच्या थरातच असते, त्यामुळं जंगल आख्खं खरवडावं लागतं, पाऊस पडला की लाल गाळ समुद्रात आणि कोळ्यांची जाळी रिकामी. २४ डिसेंबर २०२३ ला मोरोवालीत भट्टीची दुरुस्ती चालू असताना आत उरलेला स्लॅग (वितळलेली मळी) बाहेर आला, आग लागली, स्फोट झाले, वीसवर कामगार गेले. भट्टी पुरती थंड आणि रिकामी झाल्याशिवाय माणूस जवळ पाठवायचा नाही, हे आपल्याकडं हेल्परलापण ठाऊक असतं, म्हणून ते वाचून मला फार लागलं. एवढी घाई कुणासाठी?

तुमच्या पोराला सांगा, बंदी त्यांना जमली कारण निकेलच्या मातीचा जगातला मोठा वाटा त्यांच्याकडं आहे. आपल्या बॉक्साइटचं तसं नाही, आणि त्यापासून अल्युमिना (अल्युमिनियम ज्यातनं काढतात ती पांढरी पूड) तर बेळगावातच कितीतरी वर्षं बनतोय. त्यानं विचारायचं ते हे, की अल्युमिना काढून उरलेला लाल चिखल कुठं जातो, खाण संपल्यावर वर माती टाकून झाडं कोण लावतं.

कोटेशनचं म्हणाल तर स्मेल्टर वाढले तसा निकेलचा पुरवठा इतका झाला की २०२३ नंतर भाव पडून ऑस्ट्रेलियातल्या खाणी बंद पडल्या, पण तो असाच राहील म्हणून धरून चालू नका. ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसमध्ये साधारण ८ टक्के निकेल असतं, तेवढ्या वजनाचा भाव कोटेशनच्या तारखेचा लिहा आणि फरक पडला तर गिऱ्हाइकाकडनं घ्यायचं कलम घाला.